फोनवर सांगितलेलं औषध

आमच्या लांज्याची माणसं कोल्हापूरला जातात ती तीन कामांसाठी. अंबाबाई, चपला आणि तांबडा-पांढरा रस्सा. परत आली की आठ दिवस तिखटाच्या गोष्टी सांगून शेजाऱ्यांचं डोकं खातात. मी गेले ती मात्र भावाला झापायला. हे आधीच सांगून टाकते, कारण तिथे जे पाहिलं त्यानंतर स्वतःबद्दल काही लपवून ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही.

लांज्यात माझं औषधांचं दुकान आहे. तीस वर्षं काउंटरमागे उभी आहे. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं होतं, की गुण येत नसेल तर चूक औषधाची नसते, घेणाऱ्याची असते. कोणी दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडतो, कोणी सकाळची रात्री घेतो, कोणी शेजारणीला अर्धी पट्टी देऊन टाकतो. सुधीर, माझा धाकटा भाऊ, तर लहानपणी काढ्याचा पेला खिडकीतून जास्वंदीला घालायचा. तो आता शिरोळ तालुक्यात एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. लग्न तिकडच्याच मुलीशी, सुनंदाशी झालं, आणि कृष्णाकाठच्या तिच्या गावी तो कायमचा राहिला. फार वर्षांपूर्वी त्याला क्षय झाला होता. तो बरा झाला, पण उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक पोकळी ठेवून गेला. मागच्या हिवाळ्यात त्या पोकळीत बुरशीने घर केलं. थुंकीतून रक्त पडायला लागलं, आधी कॅप्सूल सुरू झाल्या, मग बदलून दुसऱ्या गोळ्या आल्या, आठ महिने झाले आणि रक्त काही थांबेना. मी मनाशी म्हटलं, जास्वंद अजून जिवंत आहे. दुकान नवऱ्यावर सोपवलं आणि आंबा घाटाची एसटी पकडली.

पहिला दिवस : राजारामपुरी

स्टँडवर पाय ठेवते न ठेवते तोच एका रिक्षावाल्याने लांबूनच हाक घातली, "ओ मावशी, या की! कुठं जायाचं?" आमच्याकडे रिक्षावाला गिऱ्हाईक जवळ येऊन उभं राहीपर्यंत पेपरातून मान वर करत नाही. हा माझी पिशवी आत ठेवून मोकळा.

"कुठलं पावणं?"

"लांजा."

"आंबं आणलासा न्हाय व्हय?"

"नोव्हेंबरात?"

"मग काजू तरी?" असं म्हणून स्वतःच मोठ्याने हसला. मी पण हसले. त्या प्रवासातलं ते माझं शेवटचं मोकळं हसू.

छातीच्या डॉक्टरांचा दवाखाना राजारामपुरीतल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली क्लासच्या पोरापोरींच्या गाड्यांची रांग, त्यातून वाट काढत जिना चढले. वर बाकावर एक काळवंडलेला, हाडांचा सापळा झालेला माणूस बसला होता. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मांडीवर शेतातली रुंद टोपी. मी त्याच्यावरून नजर फिरवून सुधीरला शोधू लागले. "ताई, हिकडं," तो माणूस म्हणाला.

मला रडूच आलं. आलं म्हणून मी रागावले. "तोंडाला काय फासलंयस?"

"दुसऱ्या गोळ्यांनी उन्हात चेहरा करपतोय," तो म्हणाला. "म्हणून ही टोपी. कारखान्यात मला बुजगावणं म्हणत्यात." लांज्याचा सुधीर 'म्हणत्यात' म्हणतो, 'व्हय की' म्हणतो. एरवी मी त्याची थट्टा केली असती.

सुनंदा रक्त तपासणीची चिठ्ठी घेऊन खाली गेली होती. तेवढ्यात आम्हाला आत बोलावलं. डॉक्टर बाई तिशीच्या, शांत. मी खुर्चीत टेकायच्या आधीच सुरू झाले. "मॅडम, हा गोळ्या नीट घेत नसणार. पहिल्या कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायच्या असतात, ह्याने रिकाम्या पोटी घेतल्या असतील. वर ॲसिडिटीचं औषध घेत असेल. मी दुकानदार आहे, मला माहीत आहेत असली माणसं."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "मलाही तीच शंका होती," त्या म्हणाल्या. "म्हणून रक्तातली औषधाची मात्रा मोजली. पहिल्या गोळ्या चालू असताना आणि दुसऱ्या चालू असतानाही. दोन्ही वेळा पुरेशी होती."

मग त्यांनी टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट. सुधीरच्या थुंकीतून बुरशी वाढवली होती आणि तिच्यावर दोन्ही औषधं घालून पाहिली होती. ती दोन्हींत मजेत वाढत होती.

"ही बुरशी हवेत सगळीकडे असते," डॉक्टर सुधीरकडे पाहत, त्याला कळेल अशा बेताने सांगत होत्या. "तुम्ही, मी, ताई, सगळेच ती रोज श्वासातून घेतो. धडधाकट छाती तिला बाहेर टाकते. जिथे जागा कमजोर सापडते तिथे ती संधी साधते. तुमच्या पोकळीत तिला संधी मिळाली. ती औषधाने मरायला हवी होती. पहिल्यांदा तपासली तेव्हा ती गोळ्यांना दाद देत होती. आता देत नाही."

"शिकली कुठे ही?" मी विचारलं.

"कधी कधी छातीतच शिकते, औषध लांबलं की. पण कधी बाहेरूनच शिकून येते. पिकावरच्या बुरशीला शेतात जी औषधं मारतात, त्यांतली काही ह्या गोळ्यांच्याच गटातली आहेत, एकाच घराण्यातली म्हणा. मातीतली, कुजक्या पाल्यातली बुरशी ती औषधं खाऊन निबर होते आणि वाऱ्याबरोबर माणसाच्या छातीत येते. तिने ह्या गोळ्या कधी पाहिलेल्या नसतात, तरी तिला त्यांचं काही वाटत नाही. तुमच्या शेतात काय मारता?"

"उसावर तांबेऱ्याला मारतो एक," सुधीर म्हणाला. "शेतीचं सगळं सुनंदाच बघती."

तीस वर्षं मी ह्या गटातल्या गोळ्या विकल्या. उसावर मारायचं औषध आणि माझ्या काउंटरवरची गोळी सख्ख्या नात्यातली आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी पुढचं स्पष्ट सांगितलं. आता एकच वाट, शिरेतून द्यायचं दुसऱ्या जातीचं औषध, काही आठवडे. त्याने थंडी वाजून ताप येतो, मूत्रपिंडांवर ताण येतो, म्हणून दाखल व्हायचं. पलंग परवा सकाळी मिळेल. त्याने अंगात थोडी ताकद आली तर शस्त्रक्रियेचा विचार. आणि तोवर एकदम जास्त रक्त आलं तर एक मिनिट न थांबता निघायचं. "त्यात वेळ मिळत नाही," त्या म्हणाल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, तुम्ही औषधं जाणता. घरी जाऊन ती बाटली बघा आणि त्यातला घटक मला कळवा."

जिन्यात सुनंदा भेटली. तिने माझ्या पायाला हात लावला आणि सरळ विचारलं, "वन्सं, जेवलासा का?" नणंदेला तिथे अजून वन्सं म्हणतात. मी नाही म्हटल्यावर तिने तिथल्या तिथे नवऱ्याला दटावलं, "बहिणीला उपाशी ठिवून डाक्टरकडं नेलासा? माणसं हाईसा का कोण?" आमच्याकडे पाहुण्याला "चहा घेणार ना?" असं विचारतात, की त्याला नाहीच म्हणावं लागतं. सुनंदाकडे नाही म्हणायला जागाच नसते.

त्याच दिवशी : कृष्णाकाठी

गावाचं नाव लिहीत नाही. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच ऊस, आणि रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांवर मोठमोठ्याने गाणी. आमच्याकडे डोंगर सतत डोळ्यांसमोर असतो. इथे जमीन ताटासारखी सपाट, नदी कुठे आहे ते दिसतही नाही. पण गावातल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर एक मळकट रेघ आहे. मागच्या पुराचं पाणी तिथपर्यंत आलं होतं. सुधीरच्या घरालाही ती रेघ आहे आणि तिच्याखाली रंग पोपडे धरून सुटलाय.

मी आल्या आल्या स्वयंपाकघरात घुसले. डॉक्टरांचं ऐकूनही माझी खोड गेली नव्हती, मला गोळ्यांचा हिशेब हवा होता. दाराच्या फळीवर खडूने दोन रकाने काढले होते, 'भरल्या पोटी' आणि 'रिकाम्या पोटी', आणि त्याखाली आठ महिन्यांच्या रेघा. खाडाखोड नाही, एकही रेघ गळलेली नाही. सुनंदाने फडताळातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत सगळ्या रिकाम्या पट्ट्या, रबराने बांधून.

"तुमी एक दिस बघायला येशीला म्हणून ठेवल्यात," ती म्हणाली. "दोन भाकरी पोटात गेल्याबिगर मी कॅप्सूल देत न्हवतो. दुसऱ्या गोळीला घड्याळ लावून तासभर उपाशी ठेवतो. काय चुकलंय का?"

तिथल्या बायका स्वतःबद्दल 'मी देतो, मी जातो' असंच बोलतात. पहिल्या भेटीत मला ते फार मजेशीर वाटलं होतं. आज त्या रेघांपुढे उभी राहून मी फक्त "नाही गं, काही चुकलं नाही" एवढंच म्हणाले. माझ्या दुकानातून औषध नेणाऱ्या एकाही घरात मी असं काम पाहिलेलं नाही.

जेवायला मटण होतं. "आजाऱ्याच्या घरी कशाला हे?" म्हटलं तर, "पावणी आली आन् मटण न्हाय म्हंजी? गावात तोंड दाखवू का नगो?" पांढरा रस्सा वाटीने नव्हे, तांब्यातून वाढतात. तिसऱ्यांदा मी ताटावर हात आडवा धरला तर तिने हातावरच ओतला. सुधीर हसता हसता खोकला. तो खोकून रुमाल बघू लागला तसं आम्ही सगळेच त्या रुमालाकडे बघू लागलो. पांढराच होता.

दुसरा दिवस

सकाळी सातच्या सुमाराला मागच्या अंगणातून फस्स-फस्स असा आवाज येत होता. मला वाटलं कोणी पाणी मारतंय. चहाचा कप घेऊन मागच्या दारी गेले.

सुनंदा होती. नाकाला ओला फडका, पाठीवर फवारणीचा पंप, एका हाताने दांडा हाणत दुसऱ्या हाताने नळी फिरवत होती. आधी गोठ्याची भिंत. मग घराची मागची भिंत, पुराच्या रेघेखालची, सुधीर झोपतो त्या खोलीची. मग उकिरडा. मग जळणाला आणून टाकलेला उसाच्या चिपाडांचा डोंगर, ज्यातून सकाळच्या गारव्यात वाफ निघत होती. सगळं पद्धतशीर, कोपरा न कोपरा, देवघर सारवावं तितक्या मनापासून.

"काय मारतेस गं?" मी विचारलं.

"बुरशीचं औषध की." तिने फडका खाली ओढला. घामेजलेला चेहरा, पण प्रसन्न. "आठवड्यातनं दोनदा मारतो, खाडा न्हाय. भिंतीवरचं काळं बघा, कसं गेलंय."

मी कप कट्ट्यावर ठेवला आणि धावले. तिच्या हातातली नळी धरायला गेले, पाय चिखलात सरकला आणि शेणात सपशेल बसले. नळीचा फवारा माझ्या पदरावर. सुनंदा पोट धरून हसली, मग मला उठवायला पुढे आली, आणि माझं तोंड बघून थबकली. मी भिंतीशी ठेवलेला औषधाचा डबा उचलला होता. औषधाचं नाव मी कधी आधी वाचत नाही, मागची बारीक अक्षरं वाचते. तीस वर्षांची सवय. चष्मा नव्हता, तरी वाचलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या तेच घराणं.

"कोणी सांगितलं तुला हे भिंतीला मारायला?" मी ओरडलेच.

तिला माझा ओरडा कळेना. "तुमीच की वन्सं," ती म्हणाली. "ह्यांच्या छातीत बुरशी निघाली तवा मी फोन केलतो की. म्हटलं, पुरानं भिंती काळ्या पडल्यात. तुमी म्हणलासा, आधी घरातली बुरशी मार, न्हायतर गोळ्यांचा काय उपयोग? मी म्हटलं, काय मारू? तुमी म्हणलासा, रानात मारतेस त्येच मार."

मला आठवलं. सगळं आठवलं. मंगळवार, बाजाराचा दिवस, काउंटरवर गर्दी, फोन खांदा आणि कानात धरलेला, एका हाताने कोणाची तरी खोकल्याची बाटली गुंडाळत होते. 'रानात मारतेस तेच मार.' फोन ठेवल्यावर मी शेजारी उभ्या बाईला म्हणालेसुद्धा होते, भावजय गुणी आहे, सांगितलेलं ऐकते.

ऐकलं होतं तिने. आठ महिने, आठवड्यातून दोनदा, खाडा न करता.

"आज राहू दे ते," एवढंच तिला म्हणून मी आंघोळ केली, पदर धुतला, डब्याचा फोटो डॉक्टरांना पाठवला. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला. हाच गट, त्या म्हणाल्या. मग मी भिंतीचं आणि चिपाडाचं सांगितलं.

"कुजणारा ढीग, आत ऊब, ओल, आणि थोडं थोडं औषध," त्या म्हणाल्या. "बुरशीला ह्याहून चांगली शाळा मिळणार नाही."

"म्हणजे ह्यानेच झालं?"

"ते मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही. छातीतच शिकली असेल, भोवतीच्या रानातून आली असेल. पण हे आजपासून बंद. ढिगाला हात लावू नका, उडवू नका. आणि त्यांना कारण सांगा. नाहीतर तुमच्या माघारी त्या पुन्हा मारतील, नवऱ्यासाठीच मारतील."

मला ते कारण सांगायचं नव्हतं. दुपारपर्यंत मी टाळलं. सुनंदाला वाटलं मी पडल्यामुळे गप्प आहे. "चला, तुमास्नी गुऱ्हाळ दावतो," म्हणून तिने मला ओढतच नेलं. सुधीरला तिकडे जायची बंदी होती, धूळ म्हणून. तो टोपी घालून दारात बसला.

गुऱ्हाळ मी पहिल्यांदाच पाहिलं. जमिनीत बसवलेली अंगणाएवढी काहील, त्यात सोनेरी फेस, आणि पोटात शिरणारा गोड वास. आमच्याकडे गूळ दुकानातून पुडीत येतो. तो असा उकळून, ढवळून, माणसाच्या नजरेवर उतरवावा लागतो हे मला ठाऊक नव्हतं. ती नजर रज्जाकभाईंची. ते तिथले गुळवे, म्हणजे रस कधी उतरवायचा हे ठरवणारे. सत्तरीचे, भुवया पांढऱ्या. त्यांनी उसाच्या तुकड्यावर गरम काकवी घेऊन माझ्या हातात दिली. "खावा आक्का. फुकून खावा, जीभ भाजंल."

मी भट्टीशेजारच्या चिपाडांकडे पाहत होते. बोलता बोलता विचारलं, "उसावर तांबेरा असतो का फार?"

"हाय की. पैल्यांदा औषध आलं तवा एक फवारा मारला की रान साफ. मग दोन लागाय लागलं. आता तीन मारलं तरी त्येच. त्येला सवं झाली, आक्का. रोज चाबूक खाणारा बैल चाबकाला भीत न्हाय, तसलं." त्यांनी काहिलीत झारा फिरवला, धार बघितली. "आमी आपलं डबा बदलतो. नवा डबा, त्योच गडी आत."

सुनंदा शेजारी उभी राहून मान डोलवत होती. हे तिला ठाऊक होतं. सगळ्या शिवाराला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते मला, दुकानाबाहेर शिकल्या-सवरल्याची पाटी लावणारीला. शिवारातलं हे ज्ञान आणि माझ्या भावाची छाती यांच्यामध्ये एक फोन होता, आणि तो मी केला नव्हता, घेतला होता. काकवी तोंडात होती, पण तिची चव लागली नाही.

संध्याकाळी ती म्हशीची धार काढायला बसली. मी समोर दगडावर बसले. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"सुनंदा, तांबेऱ्याला औषध लागू पडेना झालं, तसंच सुधीरच्या छातीतल्या बुरशीचं झालंय."

"गोळ्या चालंनात, एवढं ह्यांनी सांगितलं."

"ज्या डब्यातलं तू भिंतीला, उकिरड्याला मारतेस, ते औषध आणि सुधीरच्या गोळ्या एकाच घराण्यातल्या आहेत. त्या ढिगातली बुरशी त्याने निबर झाली असेल. वाऱ्याने त्याच्या खोलीत गेली असेल."

धारेचा आवाज थांबला. म्हशीने मान वळवून पाहिलं.

"म्हंजी मी केलं?"

"नाही. मी सांगितलं होतं. चूक माझी आहे. आणि नक्की त्यानेच झालं असं डॉक्टरही म्हणत नाहीत."

"सांगितलासा तुमी," ती हळू म्हणाली. कोल्हापूरची बाई हळू बोलते तेव्हा भीती वाटते. "हात माझा हुता."

मी तिच्या खांद्याला हात लावायला गेले. तिने खांदा काढून घेतला. मग पुन्हा धार सुरू झाली, चरवी भरली, ती उठली आणि आत गेली. जेवताना तिने मला वाढलं, पण एकदाच वाढलं. दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. त्या घरात आग्रह न होणं म्हणजे काय, ते मला दोन दिवसांत कळलं होतं. भाकरी गिळताना माझे डोळे वाहत होते आणि सुधीर बिचारा विचारत होता, "ठेचा तिखट झालाय व्हय गं ताई?"

तिसरा दिवस, आणि परत

सकाळी उठून पाहिलं तर पंप गोठ्याच्या आढ्याला उलटा टांगलेला, त्याची नळी काढून वेगळी ठेवलेली. उकिरड्यावर आणि चिपाडावर ताडपत्री, कडेने दगड. तिने हे कधी केलं कळलं नाही. सुधीरचं अंथरूण पुढच्या खोलीत हलवलेलं होतं.

कोल्हापुरात सुधीरला दाखल केलं. पहिली बाटली लावल्यावर तासाभरात त्याला इतकी थंडी भरली की पलंग वाजू लागला. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच होतं, पण ऐकणं वेगळं, डोळ्यांनी बघणं वेगळं. सुनंदा त्याच्या पायांवर आडवी पडून त्यांना दाबून धरत होती आणि मोठ्याने सांगत होती, "जाईल, जाईल, आत्ता जाईल." मी ब्लँकेट धरून उभी. तीस वर्षांत मी औषधं दिली ती पुडीत बांधून. ती माणसात शिरताना कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीने मला निघायचं होतं. सुनंदा मला स्टँडवर सोडायला आली, मी नको म्हणत असतानाही. तिच्या हातात फडक्यात बांधलेली शिदोरी होती, ज्वारीच्या भाकऱ्या आणि खर्डा. गाडी लागली. तिने शिदोरी माझ्या मांडीवर ठेवली आणि खिडकीशी उभी राहून, कालपासून पहिल्यांदाच, माझ्याकडे सरळ पाहिलं.

"वन्सं, एक सांगतो. राग मानू नगासा. हितनं फुडं फोनवर औषध सांगू नगासा. मला बी न्हाय, कुणाला बी न्हाय. यायचं, बघायचं, मग सांगायचं."

मी हो म्हटलं. तिने वाकून पायाला हात लावायला घेतला, पण मधे खिडकीचा पत्रा होता. तिने त्या पत्र्यालाच हात लावून कपाळाला नेला. गाडी सुटली. मी आंबा घाट उतरेपर्यंत शिदोरी सोडली नाही.

घरी आल्याला आता तीन आठवडे झाले. सुधीरला औषध चालू आहे. मूत्रपिंडांचे आकडे वर गेले, म्हणून मधे दोन दिवस थांबवलं, पुन्हा सुरू केलं. रक्त पडणं कमी झालंय, गेलेलं नाही. शस्त्रक्रियेचं अजून कोणी बोलत नाही. लोक मला कोल्हापूरच्या रश्शाचं विचारतात आणि मी दवाखान्याचंच सांगत बसते.

दुकानात मी अजून उभी असते. आज मंगळवार होता, बाजार, काउंटरवर गर्दी, आणि फोन वाजला. सुनंदा.

"वन्सं, ह्यास्नी घरी सोडायचं म्हणत्यात थोड्या दिसांनी, हितं येऊन-जाऊन औषध घ्यायचं. भिंतीवर परत काळं आलंय. खरवडून चुना मारला तर चालंल का?"

समोर चार माणसं चिठ्ठ्या पुढे करून उभी होती. चुना. उत्तर माझ्या जिभेवर होतं, नेहमीसारखं, तयार. खरवडताना उडणारी धूळ, ती खोली, तो उकिरडा, त्याची छाती. मी ते उत्तर गिळलं.

"मला माहीत नाही सुनंदा," मी म्हणाले. तीस वर्षांत ह्या काउंटरमागून हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं. समोरची माणसं माझ्याकडे बघायला लागली. "तू कशाला हात लावू नकोस. मी डॉक्टरांना विचारते आणि उद्या सकाळच्या गाडीने येते."

"या," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "मटण आणून ठेवतो."